आईची कंबर, मणक्याची अरुंद नळी आणि 'दुर्बिणीचं ऑपरेशन': अनुभव हवे आहेत

हळदीचं पान | ८ जानेवारी २०२५

नमस्कार. आई ७१ वर्षांची, सांगलीत असते. गेल्या तीन वर्षांत तिचं चालणं आक्रसत गेलंय. घर ते मंडई रस्ता पंधरा मिनिटांचा. आधी एका दमात जायची. मग वाटेत औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसायला लागली, पुढे त्याच्याही अलीकडे पिंपळाच्या पारावर. दिवाळीपासून गल्लीच्या तोंडाशी शिंप्याच्या बाकावर टेकते आणि तिथूनच मागे फिरते.

ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटते तेव्हा पाचव्या-सहाव्या पोळीला दोन्ही पोटऱ्या भरून येतात, पाय शिशासारखे जड होतात. मग लाटणं बाजूला ठेवून दोन्ही कोपरं ओट्यावर टेकते आणि वाकून उभी राहते. दोन मिनिटांत उतरतं. पण वाकून केर काढायला, खाली बसून भाजी निवडायला काही त्रास नाही! त्यामुळे घरातले सगळे म्हणत राहिले, एवढं काही नाहीये. मीही म्हणाले, आणि त्याचं मला आता फार वाईट वाटतंय.

एमआरआयमध्ये एल ४–एल ५ ला (कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका यांच्यामध्ये) नळी खूप अरुंद आहे, एल ३–एल ४ ला मध्यम. चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकलाय. एका सर्जननी दोन्ही ठिकाणी मणके जखडायला स्क्रू टाकायला सांगितलंय. शेजारच्या काकू म्हणतात की हल्ली दुर्बिणीतून होतं, दुसऱ्या दिवशी घरी. खरं काय? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आईला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत.

---

लालपरी | ८ जानेवारी

ताई, तुमच्या आईचं वर्णन वाचून माझेच दिवस आठवले. मी एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होतो. आता ६६. गाडी चालवताना पाय कधी दुखले नाहीत, कारण बसलेलो असायचो. निवृत्तीनंतर चालायला लागलो आणि कळलं. शेवटी शेवटी डेपोच्या फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत दोनदा बसावं लागायचं. सायकल मात्र पाच किलोमीटर मारायचो. लोक म्हणायचे, सायकल चालवतो आणि म्हणे चालता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एल ४–एल ५ चं ऑपरेशन केलं, पाठीत घातलेल्या छोट्या नळीतून. पाठीवर डाव्या बाजूला जेमतेम दोन बोटं रुंदीचा छेद आहे. शुद्धीवर आलो तेव्हा कंबर ठणकत होती, पण पाय हलके होते. ते हलकेपण मी शब्दांत सांगू शकत नाही. त्याच संध्याकाळी फिजिओंनी उभं केलं, दुसऱ्या दिवशी जिना चढवला, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. सहा आठवडे वजन उचलायला आणि कंबर पिळायला बंदी होती.

एक गोष्ट आधीच सांगतो. कंबर अजून दुखते. सकाळी उठलो की अर्धा तास आखडलेली असते. ऑपरेशन पायांसाठी होतं आणि पायांचं काम झालं. सर्जननी हे आधीच सांगितलं होतं म्हणून मला निराश वाटलं नाही.

---

भूलतज्ज्ञ_कोथरूड | ९ जानेवारी

मणक्याच्या शस्त्रक्रियांना भूल द्यायचं माझं काम, त्यामुळे रोजचा विषय. आईंना तपासल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत देणार नाही, पण प्रश्न काय विचारायचे ते नक्की सांगू शकते.

मणक्याच्या नळीत नसांचा जुडगा असतो. वयानुसार तिला तिन्हीकडून अडचण होते. पुढून चकती (दोन मणक्यांमधली गादी) फुगते, बाजूंनी छोटे सांधे जाड होतात आणि मागचा पिवळा अस्थिबंध, लिगामेंटम फ्लेव्हम, सुजल्यासारखा जाडावतो. ताठ उभं राहिलं की हा पट्टा आत दुमडतो आणि नळी आणखी आवळते. वाकलं की तो ताणला जातो, जागा मोकळी होते. म्हणून पोळ्या लाटताना त्रास आणि केर काढताना आराम. त्या ओट्यावर कोपरं टेकतात तेच त्यांचं निदान आहे. हेंक व्हर्बिस्ट या डच न्यूरोसर्जननी १९५४ साली हा आजार नीट मांडला, त्याआधी असे रुग्ण 'मनाचं आहे' म्हणून घरी पाठवले जात. आजही घरोघरी तेच होतं, तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

आता 'दुर्बीण'. या एका शब्दाखाली आपल्याकडे तीन-चार वेगळ्या गोष्टी खपतात.

पहिली, लालपरींनी सांगितली ती. साधारण १८ ते २२ मिलिमीटर रुंद नळी स्नायू न कापता, ते बाजूला सारत हाडापर्यंत नेतात आणि मायक्रोस्कोपमधून बघत हाडाचा थोडा भाग व जाड पट्टा काढतात. एका बाजूने शिरून तिरकं बघत दुसरी बाजूही मोकळी करता येते. दुसरी, एंडोस्कोपीची. यात हल्ली दोन छोट्या भोकांची पद्धत बरीच वाढली आहे. एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून अवजारं, आणि सतत सलाइनचा प्रवाह. दक्षिण कोरियातल्या सर्जननी ती फार पुढे नेली. तिसरा प्रकार म्हणजे छोट्या छेदांतून स्क्रू टाकणं. छेद छोटा असला तरी हे मणके जखडण्याचंच ऑपरेशन आहे. लोक 'मिनिमली इन्व्हेझिव्ह' ऐकतात आणि स्क्रू आहेत हे बिल आल्यावर कळतं.

तेव्हा छेद केवढा, हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: नस नेमकी कुठे दाबली आहे, कशाने, आणि ते काढायला मणका जखडायची गरज आहे का?

तातडीची खूण सगळ्यांनीच लक्षात ठेवा. लघवी अडली किंवा नकळत झाली, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल अचानक लुळं पडलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

---

रानवाट | ९ जानेवारी

आमच्या भागात एक हाडवैद्य आहेत, मणका बसवून देतात. बऱ्याच लोकांना गुण आलाय. ऑपरेशनच्या आधी एकदा दाखवायला काय हरकत आहे?

---

भूलतज्ज्ञ_कोथरूड | ९ जानेवारी

रानवाट, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे हरकत आहे. मणका पुढे सरकलेला, नळी आधीच आवळलेली, वय ७१, हाडं कदाचित ठिसूळ. अशा कंबरेला झटका देऊ नये. जाडावलेला पट्टा दाबून पातळ होत नाही. पाठीचा स्नायू धरला असेल तर चोळून बरं वाटतं, ते दुखणं वेगळं.

---

अबोली | ११ जानेवारी

कृपया पायांची नाडी तपासून घ्या. माझ्या यजमानांचंही असंच झालं होतं, चाललं की पोटऱ्यांत गोळे. एमआरआयमध्ये नळी अरुंद दिसली आणि आठ महिने कंबरेचे उपचार झाले. मग एका वयस्कर फिजिशियननी मोजे काढायला सांगितले, पावलावर बोटं ठेवली आणि म्हणाले, इथे नाडीच लागत नाही. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) पायाची रक्तवाहिनी बंद निघाली. तीस वर्षांची सिगारेट.

नंतर विचार केला तेव्हा फरक लक्षात आला. ह्यांना बसावं लागत नसे, नुसतं उभं राहिलं तरी पोटरीतले गोळे उतरायचे. सायकलवरही दुखायचं. लालपरींचं नेमकं उलटं आहे.

---

चालती_पावलं | १२ जानेवारी

मी फिजिओथेरपिस्ट, नाशिक. अबोलीताईंची पोस्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार आहे.

हळदीचं पान, आजच एक वही करा. रोज एकदा, सपाट रस्त्यावर, आईंनी चालायला सुरुवात केल्यापासून बसावंसं वाटेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. बाकी काही नको. ऑपरेशन करायचं की नाही, आणि केल्यावर उपयोग झाला की नाही, दोन्ही ही वही सांगेल. एमआरआय एकटा सांगू शकत नाही. १९९० साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, ज्यांना कंबरदुखी कधीच नव्हती अशा ६७ लोकांचे एमआरआय काढले. साठीच्या पुढच्यांपैकी २१ टक्क्यांची नळी अरुंद होती, आणि ती माणसं मजेत चालत होती.

व्यायामाबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचंय. ज्येष्ठांच्या योगवर्गात कंबरदुखी म्हटलं की सरसकट भुजंगासन आणि शलभासन देतात. चकती सरकलेल्या काही तरुणांना मागे वाकून बरं वाटतं, ते खरं. पण नळी अरुंद असलेल्याला मागे वाकवणं म्हणजे दाबलेली नस आणखी दाबणं. अशी चांगली चालती माणसं मी महिन्याभरात बसलेली पाहिली आहेत. यांना पवनमुक्तासनासारखं, गुडघे छातीशी घेणारं, पोटाचे आणि नितंबांचे स्नायू बळकट करणारं काम हवं. चढ सोपा जातो, उतार त्रास देतो, म्हणून फिरायचा रस्ता निवडताना ते बघा. घरात स्थिर सायकल असेल तर उत्तम. ओट्याखाली एक पाट ठेवा आणि पोळ्या करताना आळीपाळीने एक पाय त्यावर. आजच करून बघा, दोन पोळ्या जास्त होतील.

कंबरपट्टा प्रवासापुरता. दिवसभर आवळून ठेवू नका.

---

हडसनकाठ | १४ जानेवारी

न्यू जर्सीहून. माझ्या सासूबाईंचं इथे 'माइल्ड' नावाचं प्रोसिजर झालं, त्याबद्दल लिहिते. वय ७९, हृदयाचा त्रास, पूर्ण भूल द्यायला डॉक्टर कचरत होते. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत ५.१ मिलिमीटरच्या नळीतून तो मागचा जाड पट्टा थोडा थोडा कुरतडून काढतात. जागा बधिर करून, हलकी गुंगी देऊन. टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. इथे मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून झालं.

पण हे फक्त पट्टा जाड असेल तरच. चकती किंवा सांध्यामुळे नस दाबली असेल तर याचा हात तिथे पोचत नाही. सासूबाई आधी स्वयंपाकघरातून दारापर्यंत जायच्या, आता टपालपेटीपर्यंत जाऊन येतात. त्यांना तेवढं पुरे आहे.

इथे दोन मणक्यांच्या काट्यांमध्ये पाचरीसारखा तुकडा बसवायचीही पद्धत आहे. त्यातलं एक्स-स्टॉप नावाचं उपकरण २००५ साली मान्य झालं आणि दहा वर्षांनी बाजारातून गेलं. आम्हाला पाचरीचा पर्याय दिला होता, आम्ही नको म्हटलं.

---

नागझिरा | १७ जानेवारी

मला दुसरी बाजू मांडायची आहे. बाबांचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात झालं. त्यांची तक्रार कंबरेची होती. पाय दुखत नव्हते, दोन-तीन किलोमीटर चालायचे. एमआरआयचा रिपोर्ट टेबलावर ठेवून सर्जन म्हणाले, तीन ठिकाणी नळी अरुंद आहे, आज नाही तर उद्या पाय जातील. आम्ही घाबरलो. 'छोट्या छेदांतून, आठवड्यात कामाला' असं सांगून चार मणक्यांत आठ स्क्रू बसवले. ऑपरेशनमध्ये नसांभोवतीची पिशवी फाटली, पाणी गळत होतं म्हणून तीन दिवस सपाट झोपवून ठेवलं. ती जखम भरली. कंबर होती तशीच आहे, आता बूट घालताना वाकताही येत नाही. शेती विकली नाही एवढंच.

कुणावर आरोप करायला लिहीत नाहीये. पण बाबा किती चालतात हे तेव्हा आम्हाला एकानेही विचारलं नाही. वर चालती_पावलं यांची ती वहीची गोष्ट वाचली आणि रात्री झोप लागली नाही.

---

भूलतज्ज्ञ_कोथरूड | १८ जानेवारी

नागझिरा, वाचून फार वाईट वाटलं. पिशवी फाटणं हा धोका चांगल्यातल्या चांगल्या हातांनाही असतो, बहुतेकदा तिथेच शिवून भागतं. पण पायांची तक्रार नसताना नळी मोकळी करणं हे मुळातच चुकीच्या दारावर थाप मारण्यासारखं आहे. 'उद्या पाय जातील' हे वाक्य तर मला या धाग्यावर ठळक करून सांगायचंय की अशा भीतीने निर्णय घेऊ नका. बहुतेकांचा हा आजार वर्षानुवर्षं हळू चालतो, काहींचा आहे तिथेच थांबतो. वर सांगितलेली तातडीची लक्षणं नसतील तर दुसरं मत घ्यायला नक्की वेळ असतो.

---

हळदीचं पान | २ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. वही सुरू केली. पहिल्या आठवड्यात चार मिनिटं, एकदाच पाच. पायांची नाडी दोन्हीकडे चांगली लागते, अबोलीताई. पाट ठेवला आणि आठ पोळ्या सलग झाल्या, आईनं मला फोन करून आकडा सांगितला.

पुण्यात दुसरं मत घेतलं. त्यांनी एमआरआय बघण्याआधी आईला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं आणि स्वतः सोबत चालले. मग उभं राहून, पुढे वाकून आणि मागे वाकून असे एक्स-रे काढले. सरकलेला मणका वाकताना जागचा हलत नाही, म्हणाले. त्यामुळे स्क्रूची गरज वाटत नाही, करायचंच तर एल ४–एल ५ एवढंच मोकळं करू, नळीतून. आधी सहा आठवडे व्यायाम करा म्हणाले. पाठीतल्या इंजेक्शनचं विचारलं तर फारसे उत्सुक दिसले नाहीत. पहिले डॉक्टर दोन ठिकाणी स्क्रू म्हणतात आणि हे एकही नाही. इतका फरक कसा असू शकतो? रात्रभर तोच विचार होता.

---

भूलतज्ज्ञ_कोथरूड | ३ फेब्रुवारी

फरक असतो, कारण जगभर सर्जनमध्ये या प्रश्नावर दोन तट होते. मणका सरकलेला दिसला की जखडायचा, हीच रीत होती. २०१६ साली स्वीडनमधला अभ्यास आला. २४७ रुग्ण, निम्म्यांची नळी फक्त मोकळी केली, निम्म्यांचे मणके जखडलेही. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच, मणका सरकलेला असो वा नसो. २०२१ साली नॉर्वेत २६७ सरकलेल्या मणक्यांच्या रुग्णांवरही तेच दिसलं की नुसतं मोकळं करणं कमी पडत नाही. मणका हलत असेल, किंवा कण्याचा वाक बिघडलेला असेल, तर स्क्रू लागतातही. म्हणून ते वाकून काढलेले एक्स-रे महत्त्वाचे. पहिल्या डॉक्टरांनी फसवलं असं समजू नका, त्यांनाही ते एक्स-रे दाखवून विचारा.

इंजेक्शनबद्दल: २०१४ साली अमेरिकेत ४०० अरुंद नळीच्या रुग्णांवर पाहिलं. नुसत्या बधिर करणाऱ्या औषधाच्या तुलनेत स्टेरॉइड मिसळल्याने सहा आठवड्यांनी जवळपास काहीच जास्त मिळालं नाही. शिवाय आईंची साखर त्यामुळे काही दिवस चढेल.

आणि मोकळं करायची पद्धत कुठली यात फार अडकू नका. नॉर्वेतच ४३७ रुग्णांवर कमी चिरफाडीच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या, दोन वर्षांनी तिन्ही सारख्या. सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय ती घ्या. 'तुम्ही हे महिन्याला किती करता' असं सरळ विचारा, चांगल्या सर्जनला राग येत नाही.

---

चालती_पावलं | ३ फेब्रुवारी

सहा आठवड्यांचा व्यायाम मन लावून करा. पिट्सबर्गला १६९ रुग्णांवर ऑपरेशन विरुद्ध फिजिओ असा अभ्यास झाला, २०१५ साली छापला. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखे निघाले. पण प्रामाणिकपणे सांगते, फिजिओ गटातल्या ५७ टक्के लोकांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे काहींचं व्यायामावर भागतं, काहींचं भागत नाही. कुठल्या बाजूचे आपण, ते वही दाखवते.

---

लालपरी | ४ फेब्रुवारी

ताई, खर्चाचं. आई सत्तरीच्या वर आहेत ना, मग आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून घ्या. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार कार्डावर निघतं. मात्र सगळी रुग्णालयं त्यात नसतात, आणि कुठलं ऑपरेशन बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. खासगी मेडिक्लेम असेल तर मणक्याच्या आजारांना सुरुवातीची थांबायची मुदत असते का ते पॉलिसीत बघा. माझ्या मित्राला भरती झाल्यावर कळलं.

---

हळदीचं पान | २३ मार्च

सहा आठवडे झाले. आईनं एकही दिवस चुकवला नाही, सोमवारच्या उपासालाही केलं. वही: चार मिनिटांवरून सात, मग सहा, मग पुन्हा सहा. तीन आठवडे सहाच. उजव्या पायाचा अंगठा वर उचलताना ताकद कमी पडतेय, असं फिजिओंनी दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात फायदा नाही.

मी आईला सगळे पर्याय समजावून सांगितले, हा धागाही वाचून दाखवला. नागझिरांची पोस्ट गाळणार होते, मग तीही वाचली. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "माझे पाय दुखतात गं. कंबरेचं मी काढीन." एवढ्यावर आमचं ठरलं.

तिची तीन महिन्यांची साखर आणि रक्त पातळ करणारी गोळी, दोन्हींबद्दल फिजिशियनशी बोलणं झालंय. तारीख एप्रिलमध्ये.

---

नागझिरा | २३ मार्च

वाचून दाखवलीत, बरं केलंत. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

हळदीचं पान | १९ एप्रिल

ऑपरेशन झालं, आठ दिवस झाले. दीड तास लागला. पट्टा खूप जाड होता आणि उजवीकडचा सांधाही नसेवर आला होता. संध्याकाळी उभी राहिली, बाथरूमपर्यंत स्वतः गेली. पहिल्या रात्री लघवीला अडलं, नळी घालावी लागली, मी फार घाबरले. सकाळी ती काढली आणि नीट झालं, भुलीनंतर होतं म्हणाले. चौथ्या दिवशी घरी आलो, 'दुसऱ्या दिवशी' नाही. साखर २४० वर गेली होती, ती उतरेपर्यंत ठेवून घेतलं.

पाय मोकळे आहेत म्हणते. कंबर ठणकतेच आहे.

---

पाणकणीस | २१ एप्रिल

माझ्या वडिलांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. घरी काय तयारी ठेवावी?

---

हळदीचं पान | २१ एप्रिल

आम्हाला उपयोगी पडलेलं लिहिते. कमोड उंच नसेल तर वर बसवायची सीट आधीच आणून ठेवा. खाटेची उंची गुडघ्याइतकी हवी, खाली गादीवर झोपवू नका. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं, हे ऑपरेशनच्या आधीच चार दिवस सराव करून घ्या. आईला ऐन दुखण्यात ते शिकणं जड गेलं. स्वयंपाकघरातले रोजचे डबे कंबरेच्या उंचीवर आणून ठेवा. बद्धकोष्ठाचं औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, दुखण्याच्या गोळ्यांनी हमखास होतं आणि कुंथताना टाक्यांवर ताण येतो. बाकी कधीही विचारा, फोन हवा असेल तर निरोप टाका.

---

चालती_पावलं | १८ जून

हळदीचं पान, वही चालू आहे ना?

---

हळदीचं पान | १९ जून

चालू आहे, आता आईच लिहिते. काल पाऊस उघडल्यावर मंडईपर्यंत गेली, मी मागून होते. शिंप्याच्या बाकापाशी थांबली नाही, पारापाशीही नाही. औषधाच्या दुकानासमोर कठड्याला धरून मिनिटभर उभी राहिली. बसली नाही. वांगी आणि कोथिंबीर घेतली, पिशवी मी उचलली.

आजच्या पानावर तिच्या अक्षरात असं आहे: "१७ मि. एकदा थांबले. उजवा अंगठा अजून जड. कंबर सकाळी दुखली, नंतर नाही."